साखळी आणि चेंडू

गेल्या शनिवारी शेजारच्या काकांची सहा महिन्यांची लॅब्राडोर माझा बूट तोंडात धरून पार्किंगभर पळत होती. काका मागे, घामाघूम. दहा मिनिटांनी ती हाकेला आपणहून आली आणि काकांनी तिला एक फटका ठेवून दिला. मला एकदम मोती आठवला, आणि पुढचा सगळा वीकेंड कुत्र्यांच्या ट्रेनिंगचा इतिहास वाचण्यात गेला.

मोती आमच्या दारव्ह्याच्या घरचा. गावठी. शकुंतला गाडीचं स्टेशन दारव्हा मोतीबाग, म्हणून हे नाव. तो दोर तोडून रुळांकडे पळायचा. मी हाक मारली की परत यायचा, आणि आला की मी छडी हाणायचो. "मारल्याबिगर समजत नाही बे त्याले," असं आबाजी म्हणायचे. पुढे पुढे तो हाकेला यायचाच बंद झाला. एका संध्याकाळी तो यवतमाळ रोडवर होता आणि समोरून ट्रक. मी जीव तोडून हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उलटा पळाला, रस्त्याच्या मधोमध. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. घरात सगळे म्हणाले, कुत्रं हट्टी होतं.

असो. आता इतिहास.

कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक १९१० साली आलं. गळपट्टा आवळणं, चाबूक, सगळं त्यात आहे. पण एक गोष्ट त्याने तेव्हाच ओळखली होती. कुत्र्याला 'चूक' आणि 'बरोबर' कळत नाही. कृतीला लागून लगेच काय घडलं, एवढंच कळतं.

पुढे अमेरिकेत बी. एफ. स्किनरने १९५१ च्या एका लेखात दाखवलं, की टिकटिक वाजणारं एक खेळणं आणि खाऊचे तुकडे एवढ्यावर कुत्रा शिकतो. हवी ती कृती झाली की त्याच क्षणी टिक, मग खाऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर अचूक टाइमस्टॅम्प! हे लोकांपर्यंत पोचवलं कॅरन प्रायरने. ती मूळची हवाईत डॉल्फिन शिकवणारी. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी कुठे बांधणार? मारलं तर तो पोहत लांब जाणार. म्हणून शिट्टी आणि मासा. तिचं 'डोन्ट शूट द डॉग' १९८४ साली आलं.

आणि आपल्याकडे? झंजीर! मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्राडोर, पुण्यात तयार झालेला. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यानंतरच्या शोधात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब जमा आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

बॉम्बशोधक कुत्र्याला शिकवतात ते साधारण असं: स्फोटकाचा वास आला की आवडता चेंडू मिळतो. पुढे वास लागला की न भुंकता, पंजा न लावता तिथेच गप्प बसायचं, मग चेंडू. म्हणजे आपल्यासाठी जीवन-मरणाचा प्रश्न, आणि त्याच्यासाठी खेळ. छडीच्या धाकाने हे काम होणारच नाही. भेदरलेला कुत्रा शोधत नाही, तो मालकाचा हात बघत बसतो.

नाव झंजीर, म्हणजे साखळी. पण त्याच्यासारख्यांना कामाला जुंपतो तो चेंडू. गंमत आहे ना?

आता मोतीचं लॉजिक पुन्हा तपासून बघा. पळालो, मजा. हाकेला आलो, छडी. मी शिक्षा पळण्याची देत होतो. त्याच्या हिशेबात ती येण्याची होती. मोती हट्टी नव्हता. मी शिकवलं ते तो चोख शिकला होता.

रविवारी सकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन काकांकडे गेलो. म्हटलं, ती कितीही उशिरा येऊ दे, आली की आधी हे द्या. काका हसले. मी मोतीबद्दल काही बोललो नाही.