गाण्याच्या व्हिडिओतल्या सवयी आल्या कुठून?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांना एक शंका हमखास असते: रोज मोबाइलवर बघतो त्या गाण्याच्या व्हिडिओवर इतिहासाचा अभ्यास होऊ शकतो का? होऊ शकतो. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. "हा व्हिडिओ चांगला की वाईट" हा इतिहासाचा प्रश्न नाही. "यातली ही पद्धत कोणती अडचण सोडवायला सुरू झाली" हा आहे.

आधी पद्धती मोजून घ्या. कुठलंही मराठी गाणं लावा. गायक किंवा नायक रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवतो. एका कडव्यात शेत असतं, दुसऱ्यात देऊळ, मधे प्रवास कुठेच नाही. ढोलकीच्या थापेवर दृश्य बदलतं. ध्रुवपद आलं की मागे नाचणाऱ्यांची रांग येते. नायिका वळून बघते तेव्हा सगळं संथ होतं. हे सगळं एमटीव्हीकडून आलं, असं आपण सहज म्हणून टाकतो. एमटीव्ही अमेरिकेत सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ ला. आपल्याकडची गोष्ट त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी सुरू होते, तीही कोल्हापुरात.

१९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तर गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत. टेंब्यांनी संगीतही दिलं होतं. तेव्हा गाणं चित्रीकरण चालू असतानाच गायलं जायचं. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत आणि माइक नटापासून फार लांब ठेवता येत नसे. मग नट हलणार किती? त्या काळातल्या गाण्यांत पात्रं एका जागी उभी राहून गाताना दिसतात, ती बरीचशी यामुळे. संगीत नाटकाची सवय होतीच, पण यंत्राची मर्यादाही होती. दोन्ही कारणं शेजारी ठेवा, एकावर थांबू नका.

१९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी रूपात, 'धूप छाँव'मध्ये, पार्श्वगायन वापरलं. आपण त्याचा अर्थ "एकाचा चेहरा, दुसऱ्याचा आवाज" एवढाच लावतो. आपल्या विषयासाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. गाणं आधी रेकॉर्ड झालं की आवाज आणि जागा यांची गाठ सुटते. पहिली ओळ डोंगरावर, दुसरी नदीकाठी घेतली तरी आवाज अखंड राहतो. म्हणजे कडव्यागणिक जागा बदलण्याची मुभा आणि ओठ जुळवण्याची सक्ती, दोन्ही एकाच तंत्रातून आल्या.

संथ दृश्याचंही तसंच. सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी टिपल्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवल्या, तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते. मग ओठ कसे जुळणार? चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि नट त्या वेगाने ओठ हलवतो. पडद्यावर चाल संथ, पण ओठ बरोबर. दिसायला सगळं हळुवार, सेटवर मात्र धांदल!

संकेत कुणी मोडला तर तोही पुरावा असतो. शांतारामबापूंनी 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत टाळलं, प्रसंगातलेच आवाज वापरले. शांता आपटे गातात तेव्हा साथीला ग्रामोफोन आहे, तो प्रसंगातच ठेवलेला. 'सैराट' (२०१६) बघा. चारही गाणी पूर्वार्धात, उत्तरार्धात एकही नाही. संथ गतीची स्वप्नं आधी भरभरून दाखवून मग ती काढून घेतली आहेत. गाण्याचे संकेत प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले असल्यामुळेच ती शांतता टोचते.

आता जरा आपल्या भागाकडे येऊ. जालना-मंठा रस्त्यावरच्या वाटूरसारख्या गावात हे संकेत फक्त चित्रपटांतून आले नाहीत. ते लग्नाच्या शूटिंगमधून आले. मिक्सिंगवाला नवरीचा चेहरा फुलात किंवा बदामाच्या आकारात बसवायचा, वर सिनेमातलं गाणं टाकायचा. भीमगीतांच्या व्हिडिओ सीडीही आठवा. बाबासाहेबांच्या स्थिर छायाचित्रावर कॅमेरा हळूहळू जवळ जातो, मग दीक्षाभूमी, चैत्यभूमी, मग पुन्हा गायक. "पैसे नव्हते म्हणून फोटो वापरले" असं म्हणून हे उडवून लावू नका. ज्यांच्याबद्दल गायचं त्यांची चालती-बोलती दृश्यं हाताशी फारच कमी, छायाचित्र मात्र घराघरात. त्या ओळखीच्या छायाचित्राला हालचाल देणं, हा इथल्या संकलकांनी काढलेला मार्ग आहे, असं मला वाटतं. तो एमटीव्हीच्या इतिहासात सापडणार नाही.

आणि काळजीची गोष्ट इथेच आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सारख्या चित्रपटाचाही काही भागच आज उरला आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ साली. तोवर मूकपटांच्या काळातलं बरंच गेलेलं होतं. जत्रेत विकलेल्या सीडीसाठी तर कुठलं संग्रहालय? सीडीवर ओरखडे पडतात, दुकान बंद होतं, मिक्सिंगवाल्याचा जुना संगणक भंगारात जातो. त्याबरोबर मराठवाड्यातल्या गायकांचा, संकलकांचा इतिहासही जातो. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) मध्ये उत्तर भारतातल्या कॅसेटचा अभ्यास केला. आपल्या सीडींचा अभ्यास कुणीतरी इथलंच करायला हवं.

सुरुवात छोटी करा. एकच गाणं निवडा. आधी आवाज बंद करून बघा, दृश्यं मोजा, जागा कुठे बदलते ते लिहा. मग फक्त ऐका. यूट्यूबवरची तारीख ही चढवल्याची तारीख असते, बनवल्याची नव्हे. त्यासाठी सीडीचं वेष्टन शोधा, त्यावरची नावं उतरवून घ्या. श्रेयनामावलीला कमी लेखू नका. 'संत तुकाराम' (१९३६) साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गाणं लोक तुकोबांचाच अभंग समजत आले. नाव नोंदलेलं होतं म्हणून आज ते सांगता येतं.

शेवटी, ज्याने व्हिडिओ बनवला तो माणूस गावात असेल तर त्याच्याकडे जा. परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. "हे असं का केलंत?" एवढंच विचारा, आणि मग ऐका. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण कदाचित तिथेच सुरू होईल.