मच्छीमार नौकेचा विमा: काय मिळते, काय नाही

सागरी विमा कायदा, 1963 नुसार ‘समुद्राचा धोका’ म्हणजे अवचित घडलेला अपघात; रोजचा वारा आणि लाटा त्यात येत नाहीत. त्यामुळे वादळात खडकावर आपटलेल्या नौकेची भरपाई मिळू शकते, पण शांत पाण्यात कुजलेल्या फळीतून पाणी शिरून बुडालेलीची सहसा नाही. झीज, अंगभूत दोष आणि उंदरांनी केलेले नुकसान (उंदीर कायद्यात खरोखरच आहेत) पॉलिसीत वेगळे लिहिले नसेल तर वगळलेलेच असते.

तांडेलाच्या चुकीने नौका खडकावर गेली तर? एरवी दावा टिकतो. खलाशांचा निष्काळजीपणा कायदा मालकाच्या माथी मारत नाही. मात्र मुदतीच्या पॉलिसीत, नौका नादुरुस्त असल्याचे ठाऊक असूनही मालकाने ती समुद्रात धाडली आणि त्याच दोषाने ती बुडाली, तर विमा कंपनीवर भरपाईचे बंधन नसते.