आज्ञापत्र ते प्लास्टिकबंदी : गगनबावड्याच्या संदर्भात कचराविषयक शासकीय धोरणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

गगनबावडा हा सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला, अतिवृष्टीचा आणि कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका होय. २०११ च्या जनगणनेनुसार तो संपूर्णतः ग्रामीण आहे. करूळ व भुईबावडा घाटांकडील पाणी कोकणात उतरते, तर कुंभी नदीचे पाणी पंचगंगेतून नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. साहजिकच या माथ्यावर टाकलेला कचरा पावसाबरोबर दोन्हीकडील गावांपर्यंत पोहोचतो. प्लास्टिक व अन्नाचा कचरा कमी करण्याच्या शासकीय धोरणांमध्ये अशा ग्रामीण भागाचा विचार कितपत झाला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

आज्ञापत्रातील कचराविचार :

बावडा जहागीर हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याकडे होती. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात (१७१५) दुर्गांच्या व्यवस्थेविषयी लिहिताना कचऱ्याचाही विचार केलेला आढळतो. गडावरील वाटा, बाजार व तट येथे केर पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली टाकू नये, तो जागोजागी जाळून राख परसात घालावी व त्यावर भाजीपाला करावा, असा त्या आदेशाचा आशय आहे. यातून दोन तत्त्वे स्पष्ट होतात. पहिले, कचऱ्याची विल्हेवाट तो निर्माण झाला तेथेच लावावी. दुसरे, त्यातून पुन्हा अन्न निर्माण व्हावे.

तत्कालीन केर कुजणारा वा जळून राख होणारा असल्याने हा आदेश व्यवहार्य होता. ग्रामीण भागातील उकिरडा ही याच तत्त्वाची लोकव्यवस्था होय. शिळेपाके गुरांच्या पुढ्यात, उरलेले उकिरड्यात आणि कुजलेले खत शेतात, असा हा क्रम होता. प्लास्टिकच्या आगमनाने तो मोडला. खरकटे पिशवीत बांधून टाकले की पिशवी गुरांच्या पोटात जाते आणि खतही निकामी होते.

धोरणांचा पहिला टप्पा (२००० ते २०११) :

२००० च्या केंद्रीय घनकचरा नियमांची जबाबदारी नगरपालिका व महानगरपालिकांवर होती. ग्रामीण भागात २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. परंतु त्याचे स्वरूप कायद्याचे नसून स्पर्धेचे व लोकसहभागाचे होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस पडून मुंबई जलमय झाली आणि तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियम केला व ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. बंदी राज्यभर होती, मात्र कचरा उचलण्याची यंत्रणा शहरांतच होती. २०१० मध्ये सुरू झालेल्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेने प्लास्टिकबंदीचा निकष ग्रामपंचायतींसमोर ठेवला, ही या टप्प्यातील उल्लेखनीय बाब होय.

दुसरा टप्पा (२०१६ ते २०२२) :

२०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतीवर प्रथमच स्पष्ट जबाबदारी टाकली व प्लास्टिक उघड्यावर जाळण्यास प्रतिबंध केला. तीन शतकांपूर्वी स्वच्छतेचा उपाय असलेली कृती पदार्थ बदलल्यामुळे अपायकारक ठरली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, तथापि त्यांचे क्षेत्र मुख्यतः शहरे व जनगणना-शहरे इतकेच होते. परिणामी प्लास्टिकचा नियम खेड्यात पोहोचला, वर्गीकरणाचा मात्र वेशीबाहेर राहिला.

२३ मार्च २०१८ च्या राज्य अधिसूचनेने पहिल्या गुन्ह्यास ५ हजार रुपये दंड ठेवला. परंतु उत्पादनाच्या टप्प्यावरील वेष्टनांना सूट दिली. घाटात वर्षासहलीस येणाऱ्यांच्या हातातील खाऊची पाकिटे त्यामुळे बंदीबाहेर राहिली. २०१९ चे अतिरिक्त अन्नवाटपाचे केंद्रीय विनियम प्रामुख्याने अन्नव्यावसायिक व अन्नवाटप संस्थांसाठी होते. गावजेवणातील उरलेल्या अन्नाचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात तालुकास्तरावर प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली. १ जुलै २०२२ पासून देशभर निवडक एकल-वापर वस्तूंवर बंदी आली.

निष्कर्ष :

शासनाने प्लास्टिक व अन्न यांसाठी स्वतंत्र नियम केले. परंतु खेड्यात हे दोन्ही प्रश्न एकाच उकिरड्यावर एकत्र येतात. तेथे अन्नकचरा पचविण्याची व्यवस्था पूर्वापार आहे. तिला प्लास्टिकपासून मुक्त ठेवणे हेच ग्रामीण भागातील अन्नकचऱ्याचे खरे धोरण ठरेल. त्यासाठी वर्गीकरण घरापासून व्हावे, सुका कचरा तालुका केंद्रापर्यंत नियमित जावा आणि वाहतुकीचा खर्च विरळ वस्तीच्या ग्रामपंचायतींवर पडू नये. केर गडाखाली टाकू नये, हा अमात्यांच्या आज्ञापत्रातील दंडक गगनबावड्याच्या माथ्यावर आजही तितकाच लागू पडतो. कारण खाली कोकण आहे आणि पंचगंगेचे खोरेही आहे.