कागदात गुंडाळलेली वस्तू

मराठी मध्यमवर्गीय माणूस औषधाच्या दुकानात जुलाबाचे औषध खणखणीत आवाजात मागतो. कुणी विचारलेले नसताना पोटाची साद्यंत हकिगतही सांगतो. पण हाच गृहस्थ निरोध घ्यायला आला, की आधी खोकल्याच्या गोळ्या घेतो, मग ब्लेड घेतो, आणि दुकान रिकामे झाल्यावर जे काही पुटपुटतो ते दुकानदाराला निव्वळ अनुभवाने समजते. माल वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मिळतो.

हा कागद फाडायचा उद्योग प्रथम र. धों. कर्वे यांनी केला. गृहस्थ गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 पासून 1953 मध्ये डोळे मिटेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि गुप्तरोगांवरही न लाजता लिहिले. बदल्यात समाजाने कोर्टाची समन्से दिली. 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, खर्चाच्या बाजूला आयुष्य आणि जमेच्या बाजूला बदनामी.

पुढे 1968 साली सरकारनेच दुकान मांडले. पतंजलींच्या योगसूत्रातला ‘निरोध’ हा शब्द उचलला आणि तीन नग पंधरा पैशांना विकायला ठेवले. वितरण चहा-साबणवाल्या कंपन्यांकडे दिले. म्हणजे जिथे चहाची पुडी, तिथे निरोध! वस्तू गावोगाव पोचली, पण पाळणा लांबवण्याचे साधन म्हणून. ऑपरेशन झाले की तिचे काम संपले, अशी सगळ्यांची समजूत. रोगाचे नाव कोण काढतो?

1986 साली मद्रासला एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि नाव काढणे भाग पडले. तरी साताऱ्यात लोक म्हणत, ‘ही भानगड सांगलीकडची.’ बदली होऊन सांगलीला आलो, तर इथले म्हणाले, ‘छे हो, ती हायवेवरची, सातारकडची!’ रोगाचा पत्ता नेहमी शेजारच्या जिल्ह्यातला.

कागद खरा फाडला तो सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायकांनी. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने 1992 साली तिथे काम सुरू केले. व्याख्याने द्यायला बाहेरून विद्वान आणण्याऐवजी धंद्यातल्या बायकांनीच एकमेकींना समजावले, निरोध वाटले. हिशेब साधा होता. एकीने हट्ट धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. सगळ्यांनी धरला तर जाईल कुठे? 1996 साली त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुढे अमेरिकेच्या सरकारी मदतीबरोबर वेश्याव्यवसायाविरुद्ध प्रतिज्ञा करायची अट आली, तेव्हा 2005 मध्ये ‘संग्राम’ने ती मदत नाकारली. बँकेत इतकी वर्षे बसूनही आलेला पैसा परत करणारा खातेदार मी पाहिलेला नाही.

आता या विम्याच्या अटीही सांगतो. दर वेळी नवा आणि नीट वापरला, तर एचआयव्ही व परमा यांचा धोका खूपच कमी होतो. गरमीसारखे रोग झाकलेल्या भागाबाहेरच्या कातडीवरूनही लागतात, म्हणून तिथे संरक्षण कमी. खोबरेल तेल लावू नये, रबर कमकुवत होऊन फाटते. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आणि 2004 पासून औषधेही फुकट मिळतात.

हे सगळे ‘तिकडच्या’ वस्तीसाठी, असे मात्र समजू नका. ही लागण नवऱ्याबरोबर पांढरपेशा घरातही येते, आणि जिच्या अंगाला ती लागते तिने हळदीकुंकवाखेरीज दुसरीकडे पाऊल टाकलेले नसते. गोकुळनगरातली बाई गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, ‘त्याच्याशिवाय जमायचं नाही.’ आपल्या घरातल्या बाईने हेच वाक्य नवऱ्याला सांगितले, तर आपण तिला काय म्हणू?