प्रतिज्ञा आणि बैठक

दारू हा आमच्या चळवळीतला जुना विषय आहे. दारू सोडू पाहणारा माणूस मात्र तितकासा विषय झालेला नाही. हे मला ग्रंथालयात नव्हे, घरात कळले. भूम तालुक्यातील ईट हे माझे गाव. ऊसतोडीच्या फडावर पिणे वाढलेल्या थोरल्या भावाला घेऊन मी दोन वर्षे व्यसनमुक्तीच्या बैठका शोधत हिंडलो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड म्हणून त्या शोधाचाही इतिहास पाहू लागलो.

1948 पर्यंत आमचा मुलूख निजामाचा होता. अबकारीचे मक्ते लिलावाने दिले जात आणि त्या उत्पन्नावर सरकारचा डोळा असे. आमच्याकडे आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात आणि दारूच्या दुकानाला गुत्ता. शब्द एकच आहे. मजुराची दिवसाची कमाई संध्याकाळी कोणाच्या गल्ल्यात जावी हे वर ठरलेले असे. इंग्रजी मुलखातही निराळे काही नव्हते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 साली त्यांनी गुत्त्यांच्या वाढीला लेखी विरोध केला, तो याच कारणाने. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आत्मकथनात नोंदवले आहे की, नाताळच्या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम पाजत. स्वातंत्र्य म्हणजे ही झिंगच, असे गुलामाला वाटावे म्हणून.

14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तिचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि पुन्हा थेंबाला शिवले नाहीत. मी पदवीधर झालो त्यामागे ती न प्यालेली दारू आहे, हे मी उगाच म्हणत नाही. घरातला पहिला पाटी-दप्तराचा पैसा तिथूनच वाचला. परंतु प्रतिज्ञा मोडली तर माणसाने जावे कुठे? दादा आधी विहारात येईनासा झाला. मग 14 एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या मागे चालू लागला. पुढे तेही बंद झाले. त्याला दारूपेक्षा लाज अधिक चढत होती आणि ती उतरवायला तो पुन्हा पीत होता.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद यांच्या भेटीतून सुरू झाली. 1957 साली ती भारतात आली. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 1986 साली काढलेल्या मुक्तांगणमुळे मराठी माणसाला व्यसनमुक्तीचे एक दार आपल्या भाषेत उघडले. अॅनॉनिमसच्या बैठकीला फी नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच पात्रता. खुल्या बैठकीला नातेवाइकांनाही बसता येते, बंद बैठक फक्त पिणाऱ्यांची. आणि आडनाव सांगायचे नाही! ज्या देशात आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे, तिथे हा नियम केवढा मोठा, असे मला वाटले.

पण नियम खोलीपुरताच असतो. शहरातल्या पहिल्या बैठकीनंतर बाहेर चहा पिताना एकाने दादाला गाव विचारले, मग आडनाव, मग तो जरा सरकून बसला. आणखी एक अडचण होती. परतताना एसटीत दादा म्हणाला, "आरं, तिथं देवाच्या हवाली व्हा म्हणत्यात. आज्यानं देव टाकले, म्या परत कुठून आणू?" या प्रश्नाला मी हसू शकलो नाही. 1939 च्या त्यांच्या मूळ पुस्तकात नास्तिक सभासदांच्या आग्रहावरून, देव ज्याला जसा समजेल तसा, अशी सूट ठेवलेली आहे. ती सूट आमच्यापर्यंत कोणी आणली नव्हती. खुद्द अमेरिकेतही सर्वांना खुल्या म्हणवणाऱ्या खोल्यांत काळ्यांना जागा मिळेना, तेव्हा 1945 साली सेंट लुई आणि वॉशिंग्टन येथे त्यांना आपले गट उभे करावे लागले. तेव्हा योग्य बैठक कोणती, हा निव्वळ पत्त्याचा प्रश्न नाही.

उत्तर मला विनयपिटकात सापडले. सागत नावाच्या भिक्खूने नागाला नमवले म्हणून कोसंबीच्या लोकांनी त्याला घरोघरी मद्य दिले आणि तो नगराच्या वेशीत पडला. भिक्खूंनी त्याला उचलून विहारात आणले. त्याचे डोके बुद्धाकडे करून निजवले, तर त्याने कूस बदलून पाय बुद्धाकडे केले. त्यावरून मद्यपानाचा नियम झाला, आणि तो पाचित्तियात घातला गेला. म्हणजे प्यालेल्याने दुसऱ्या भिक्खूसमोर दोष कबूल करायचा. संघातून हाकलायचे नाही. पंचशील आपण दर वेळी नव्याने म्हणतो, ते कशासाठी?

हे मी विहाराच्या मंडळापुढे मांडले. एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "मास्तर, प्रतिज्ञा मोडणाऱ्यांना विहारात बसवून पोरांनी काय शिकायचं?" त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. त्यांनी आपल्या बापाचा मार खाल्ला होता. वाद दोन तास चालला. शेवटी बुधवारी सात वाजता, मागची खोली, असे ठरले. पहिल्या बुधवारी तिघे आले. त्यांतला एक पिऊन आला होता. दादाने सरकून त्याला सतरंजीवर जागा दिली.