समकक्षता परीक्षेतील राष्ट्रीय इतिहास : स्मरण, वाचन आणि अर्थबोध

शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढाने पुढे केव्हातरी परीक्षा देऊन शालान्त प्रमाणपत्राच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळवावे, ही व्यवस्था आज अनेक देशांत रूढ आहे. गणितात ‘तोडीचे’ म्हणजे काय हे ठरविणे त्या मानाने सोपे असते. उदाहरण सुटते किंवा सुटत नाही. राष्ट्राच्या इतिहासाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अवघड होतो. शाळेत जो इतिहास वर्षानुवर्षे थोडाथोडा कानांवर पडून मुरतो, त्याच्या तोडीचे असे काय आहे, की जे तास-दीड तासाच्या परीक्षेत मोजता यावे? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाला १९४२ मध्ये एक विशिष्ट उत्तर देण्यात आले आणि त्या उत्तराची छाया तेथील परीक्षेवर अद्याप आहे. त्या उत्तराचे स्वरूप आणि त्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील वाचकास सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसणारा विद्यार्थी परिचित आहे. हा विद्यार्थी शाळेत जात नाही. परंतु त्याच्यापुढे येणारी प्रश्नपत्रिका शाळेतील विद्यार्थ्याचीच असते, पाठ्यपुस्तकही तेच असते. अमेरिकेतील समकक्षता परीक्षेचे तत्त्व याहून निराळे आहे. ‘जनरल एज्युकेशनल डेव्हलपमेंट’, म्हणजे जी. ई. डी., या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा स्वतंत्रपणे रचलेली आहे. तीत अमुक पुस्तक वाचले काय, असे विचारले जात नाही. शालेय शिक्षणाने माणसाच्या अंगी जी शक्ती यावी, ती कोणत्याही मार्गाने का होईना, आली आहे काय, एवढेच विचारले जाते.

या तत्त्वाचा उगम युद्धात आहे. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना अनेक महाविद्यालयांनी केवळ सैनिकी सेवेच्या आधारावर सरसकट शैक्षणिक गुण बहाल केले होते. ही उदारता विद्यार्थी आणि संस्था दोघांनाही हितावह ठरली नाही, असे शिक्षणतज्ज्ञांचे मत बनले. दुसऱ्या महायुद्धात त्याच चुकीची पुनरावृत्ती टाळण्यासाठी सैन्यदलांची शिक्षणसंस्था आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन यांच्या सहकार्याने नव्या कसोट्या तयार झाल्या. आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट आणि शिकागो येथील राल्फ टायलर यांचा या कार्यात प्रमुख वाटा होता. लिंडक्विस्ट यांनी आयोवातील शाळांसाठी तयार केलेल्या चाचण्यांचा नमुना त्यासाठी उपयोगी पडला. १९४४ च्या सैनिक पुनर्वसन कायद्याने माजी सैनिकांना महाविद्यालयांची दारे खुली केल्यावर या प्रमाणपत्राचे महत्त्व वाढले. १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही परीक्षा सैनिकेतर नागरिकांसाठीही उपलब्ध करून दिली.

मूळ परीक्षेच्या पाच भागांपैकी एका भागाचे नाव येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते नाव ‘इतिहास’ असे नव्हते. ‘सामाजिक शास्त्रांतील वाचनसामग्रीचा अर्थबोध’ अशा आशयाचे होते. उमेदवारापुढे एक उतारा ठेवावयाचा आणि त्यावरून त्याची समज अजमावयाची, अशी ही पद्धती होती. सन, सनावळ्या आणि राष्ट्राध्यक्षांची नावे यांना तीत गौण स्थान मिळाले. इतिहास हा स्मरणाचा विषय न राहता वाचनाचा विषय झाला.

हा बदल अकस्मात झालेला नाही. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या ‘सप्तसदस्य समिती’ने १८९९ मध्ये माध्यमिक शाळांसाठी चार वर्षांचा भरघोस इतिहासक्रम सुचविला होता : प्राचीन, युरोपीय, इंग्लिश आणि शेवटी अमेरिकन. त्यानंतर १९१६ मध्ये नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने नेमलेल्या समितीने ‘सामाजिक अभ्यास’ ही संज्ञा पुढे केली आणि इतिहासास भूगोल, नागरिकशास्त्र व चालू सामाजिक प्रश्न यांच्या पंक्तीत बसविले. कालक्रमाने जाणारी कथा मागे पडून नागरिकाला उपयुक्त असे ज्ञान पुढे आले. युद्धकालीन समकक्षता परीक्षेने हीच दिशा पुढे नेली.

नेमक्या त्याच काळात उलट दिशेनेही आवाज उठला होता. इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४२ मध्ये राष्ट्रीय इतिहासाच्या अज्ञानाविषयी तक्रार मांडली. एप्रिल १९४३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ३६ महाविद्यालयांतील सुमारे ७,००० नवागत विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले आणि मूळच्या तेरा वसाहतींची नावेही बहुसंख्य विद्यार्थ्यांना सांगता येत नाहीत, यावर मोठा गहजब झाला. अर्थात शाळा पूर्ण केलेल्यांनाही जी माहिती नव्हती, ती शाळा सुटलेल्या सैनिकाकडून मागणे न्याय्य ठरले नसते. माहिती विसरली जाते, वाचनशक्ती टिकते, हे परीक्षारचनाकारांचे गृहीत या दृष्टीने अगदीच निराधार नव्हते.

२०१४ मध्ये संगणकावर घेतली जाणारी नवी आवृत्ती सुरू झाली. तिच्या सामाजिक अभ्यास या भागात नागरिकशास्त्र व शासनव्यवस्था यांना ५० टक्के, अमेरिकेच्या इतिहासास २० टक्के आणि अर्थशास्त्र व भूगोल यांना प्रत्येकी १५ टक्के भार ठरविण्यात आला. प्रश्न बहुधा एखादा दस्तऐवज, नकाशा, आलेख किंवा व्यंगचित्र यांवर आधारलेले असतात. आरंभी या भागात एक निबंधवजा उत्तरही लिहावे लागे. ते २०१६ मध्ये वगळण्यात आले. म्हणजे राष्ट्राच्या भूतकाळाविषयी स्वतःच्या शब्दांत सलग काही लिहिण्याची गरज उरली नाही. उरले ते इतरांच्या शब्दांचे वाचन.

येथे भाषाशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. उताऱ्याचा अर्थ उताऱ्यातच असतो काय? वाचनाची कसोटी इतिहासाच्या ज्ञानापासून अलग करता येते, हे गृहीत या प्रश्नाच्या होकारार्थी उत्तरावर उभे आहे. एकाच उदाहरणाने या गृहीताची परीक्षा होऊ शकेल.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये सिद्ध झाली. तिच्या पहिल्या अनुच्छेदात प्रतिनिधिगृहातील जागांच्या वाटणीसाठी लोकसंख्या कशी मोजावी, हे सांगितले आहे. स्वतंत्र व्यक्ती पूर्ण मोजावयाच्या आणि त्यांत ‘इतर सर्व व्यक्तीं’च्या तीन-पंचमांश इतक्या संख्येची भर घालावयाची, असा त्याचा आशय आहे. या ‘इतर व्यक्ती’ कोण? कोशात पाहून याचे उत्तर मिळणार नाही. ‘इतर’ आणि ‘व्यक्ती’ हे दोन्ही शब्द प्राथमिक शाळेतील मुलासही ठाऊक असतात. वाक्याचे व्याकरणही दुर्बोध नाही. तरीसुद्धा त्या शब्दांनी ज्यांचा निर्देश होतो, ते लाखो गुलाम वाचकाला दिसत नाहीत. अन्यत्र याच घटनेत त्यांना ‘सेवेस वा श्रमास बांधलेली व्यक्ती’ असे म्हटले आहे. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही येत नाही. ‘गुलामगिरी’ हा शब्द तीत प्रथम आला, तो १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत, गुलामगिरी नष्ट करताना. ज्या प्रथेला नाव देणे घटनाकारांनी टाळले, तिला नाव मिळाले ते तिच्या अंताच्या वेळी.

शब्दाचा कोशगत अर्थ आणि त्याचा निर्देश यांतील हे अंतर केवळ वाचनकौशल्याने भरून निघत नाही. ते भरून काढते, त्याचेच नाव इतिहास. ज्याला फिलाडेल्फिया येथील अधिवेशनातील उत्तर-दक्षिण तडजोड ठाऊक आहे, तोच हे कलम वाचू शकतो. इतरांना त्याचा केवळ उच्चार करता येतो. उताऱ्यासोबत स्पष्टीकरणाची टीप दिली, तर त्या टिपेपुरते काम भागते, हे खरे. परंतु मौन कोठे आहे हे ओळखण्याची शक्ती टिपेने येत नाही. ही परीक्षा स्पॅनिश भाषेतूनही देता येते, त्यामुळे हे मौन भाषांतरातून वाचणारेही पुष्कळ आहेत.

वाचनाच्या परीक्षेस अमेरिकेच्या इतिहासात आणखी एक, अधिक कठोर, बाजू आहे. दक्षिणेकडील राज्यांत मतदार म्हणून नोंदणी करू पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांपुढे साक्षरतेची अट ठेवली जाई. दक्षिण कॅरोलायनात राज्याच्या घटनेचा एखादा भाग वाचून दाखवावा लागे. तेथील जॉन्स आयलंड या बेटावर जानेवारी १९५७ मध्ये प्रौढांचा एक वर्ग सुरू झाला. ईसॉ जेनकिन्स यांचा पुढाकार, सेप्टिमा क्लार्क यांचे मार्गदर्शन आणि केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांचे अध्यापन, असा हा योग होता. रॉबिन्सन यांनी क्रमिक पुस्तके बाजूला ठेवली. मनीऑर्डरीचा अर्ज, टपालाने माल मागविण्याचा अर्ज आणि घटनेतील कलमे ही त्यांची वाचनसामग्री होती. तेथे घटनेचा शब्द शिकणे आणि तो शब्द इतकी वर्षे कोणाला वगळत आला हे समजणे, या दोन गोष्टी वेगळ्या राहणे शक्यच नव्हते. या नमुन्यावर पुढे दक्षिणेत सर्वत्र ‘नागरिकत्वाच्या शाळा’ निघाल्या आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या अशा कसोट्यांवर बंदी आणली.

या वर्गाची तुलना समकक्षता परीक्षेशी करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. साक्षरतेची अट ही माणसास बाहेर ठेवणारी भिंत होती. समकक्षता परीक्षा हे आत घेण्यासाठी केलेले दार आहे. परंतु दोन्हींत घटनेचा उतारा हेच माप आहे. मापाचा उपयोग कोणत्या हेतूने होतो हे ठरविणारा इतिहास मात्र त्या उताऱ्यात नसतो.

अलीकडे काही राज्यांनी ही उणीव निराळ्या मार्गाने भरून काढण्याचा यत्न केला आहे. ॲरिझोना राज्याने २०१५ मध्ये केलेल्या कायद्याने शालान्त तसेच समकक्षता प्रमाणपत्रासाठी नागरिकशास्त्राची वेगळी चाचणी आवश्यक केली. परदेशीयांना नागरिकत्व देताना विचारल्या जाणाऱ्या तत्कालीन १०० प्रश्नांपैकी ६० प्रश्नांची उत्तरे बरोबर यावीत, अशी ती अट होती. इलिनॉय राज्यातही समकक्षतेसाठी राज्यघटनेवरील स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. नेव्हिन्स यांची चिंता अशा रीतीने पुन्हा दारात आली. तथापि सुटी प्रश्नोत्तरे पाठ केल्याने स्मरण सिद्ध होते, अर्थबोध नव्हे. घटनादुरुस्त्यांची संख्या सत्तावीस आहे हे सांगता येणे निराळे आणि तेरावी दुरुस्ती पहिल्या अनुच्छेदातील कोणत्या मौनाला उत्तर देते हे जाणणे निराळे.

स्मरण की वाचन, हा वाद त्यामुळे चुकीच्या रीतीने मांडला गेला आहे, असे म्हणावे लागते. उतारा कळण्यासाठी लागते तेवढी कथा, आणि कथा पडताळण्यासाठी लागतो तो उतारा, या दोहोंचे एकत्र अध्ययन हाच प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने उचित मार्ग होय. त्याचा अभ्यासक्रम विस्तृत असण्याची गरज नाही. १७७६, १७८७, १८६५, १८६८, १९२०, १९५४, १९६५ अशी मोजकी वर्षे, आणि त्या प्रत्येक वर्षी ‘व्यक्ती’, ‘नागरिक’ व ‘मतदार’ या शब्दांच्या कक्षेत कोण आले व कोण बाहेर राहिले याचा बोध, एवढी शिदोरी पुष्कळ आहे. दिवसभर काम करून रात्री वाचावयास बसणाऱ्या माणसाला ती पेलते.

जेम्स हेकमन आणि स्टीफन कॅमेरॉन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की नोकरी-वेतनाच्या बाजारात हे प्रमाणपत्र धारण करणारे शालान्त उत्तीर्णांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या अधिक जवळ असतात. प्रमाणपत्राची समकक्षता बाजार मान्य करीत नसेल, तर त्यासाठी केलेल्या अध्ययनातून विद्यार्थ्याच्या हाती काय उरते, हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. सामाजिक अभ्यासाच्या भागातून उरण्यासारखी एक गोष्ट निश्चित आहे : कायद्याचे वाक्य वाचताना त्यात कोणाचे नाव घेतलेले नाही, हे विचारण्याची सवय. ती लागली, तर परीक्षेच्या निकालानंतरही ते अध्ययन चालू राहील.