औद्योगिक रोबॉटमधील बॅकअप बॅटरी बदलणे

औद्योगिक रोबॉटमधील बॅकअप बॅटरी बदलणे हे कारखान्यांतील रोबॉटांच्या नियतकालिक देखभालीतील एक काम होय. रोबॉटचा हात हलवणाऱ्या विजेशी या बॅटरीचा संबंध नसतो. मुख्य वीजपुरवठा बंद असताना प्रत्येक सांध्याची मोटर किती फेरे फिरून कोठे थांबली आहे, ही मोजणी टिकवून ठेवणे एवढेच तिचे कार्य असते. बॅटरी बदलणे हे काम थोड्या मिनिटांचे आणि अल्प खर्चाचे असले, तरी ते वेळेवर न झाल्यास किंवा चुकीच्या अवस्थेत केल्यास रोबॉट स्वतःची स्थिती विसरतो आणि त्याला शिकवलेली सर्व कामे तात्पुरती निरुपयोगी होतात.

मराठीत ‘विजेरी’ हा शब्द हातातील टॉर्चसाठीही रूढ असल्याने या लेखात ‘बॅटरी’ हाच शब्द योजला आहे. बॅटरीतील सुट्या घटाला व्यवहारातील ‘सेल’ हे नाव कायम ठेवले आहे.

बॅटरीची आवश्यकता

सर्वसाधारण औद्योगिक रोबॉटला सहा सांधे असतात. तंत्रज्ञ त्यांना अक्ष म्हणतात. प्रत्येक अक्षाला एक सर्वो मोटर असते आणि मोटरच्या मागील टोकाला एनकोडर नावाचा मापक बसवलेला असतो. मोटर एका फेऱ्यामध्ये नेमक्या कोणत्या कोनात आहे, हे एनकोडर आपल्या चकतीवरील खुणांवरून केव्हाही सांगू शकतो. वीज गेली आणि परत आली तरी या माहितीत फरक पडत नाही. मात्र मोटर आणि सांधा यांच्यामध्ये गती कमी करणारी दंतचक्रांची पेटी असते. त्यामुळे सांधा थोडासा वळण्यासाठी मोटरला अनेक फेरे घ्यावे लागतात, आणि हा कितवा फेरा चालू आहे हे चकतीवरून कळत नाही.

फक्त मिनिटकाटा शाबूत असलेल्या घड्याळाची कल्पना केल्यास हे स्पष्ट होईल. असे घड्याळ ‘वीस मिनिटे झाली’ हे अचूक सांगते. पण किती वाजून वीस, ते सांगत नाही. एनकोडरमधील एक छोटे विद्युतमंडल फेऱ्यांची संख्या मोजून तासकाट्याचे काम करते. रोबॉट चालू असताना या मंडलाला नियंत्रकाकडून वीज मिळते आणि तो बंद असताना ती बॅकअप बॅटरीकडून मिळते.

जुन्या काही रोबॉटांत ही अडचण निराळ्या रीतीने सोडवलेली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील युनिमेशन कंपनीने आणलेल्या प्यूमा रोबॉटांत सांध्याची स्थूल स्थिती पोटेन्शियोमीटरवरून व सूक्ष्म स्थिती एनकोडरवरून घेतली जाई. केवळ सापेक्ष मोजणी करणारे एनकोडर असलेल्या यंत्रांना तर प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर ठरावीक ठिकाणी जाऊन शून्यापासून मोजणी करावी लागे. बॅटरीच्या आधाराने मोजणी टिकवण्याची पद्धत आल्यावर हा रोजचा खटाटोप संपला. त्याच्या बदल्यात बॅटरीची काळजी आली.

मोजणी हरवल्यास होणारे परिणाम

गती १०० पटीने कमी करणाऱ्या दंतपेटीचे उदाहरण घेतल्यास, मोटरच्या एका फेऱ्याची चूक सांध्यावर ३.६ अंशांची होते. त्या सांध्यापासून २ मीटर अंतरावर असलेल्या वेल्डिंगच्या टोकाशी हीच चूक सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते. वेल्डिंगचे काम मिलिमीटरच्या अंशांत चालते हे लक्षात घेतले म्हणजे एका फेऱ्याचे महत्त्व कळते. म्हणूनच मोजणी हरवल्याचे आढळताच नियंत्रक धोक्याची सूचना देऊन स्वयंचलित काम अडवतो. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. घाईघाईने चुकीचे शून्यस्थान बसवून जुना कार्यक्रम पूर्ण वेगाने चालवल्यास रोबॉटचा हात साच्यावर, शेजारच्या यंत्रावर किंवा कुंपणावर आदळू शकतो. रोबॉटच्या दृष्टीने तो योग्य जागीच जात असल्याने त्याच्याकडून आधी कोणतीही सूचना मिळत नाही.

बॅटरीचे प्रकार व आयुष्य

जपानच्या फॅनक कंपनीच्या बहुसंख्य रोबॉटांत १.५ व्होल्टचे चार जाड अल्कलाइन सेल वापरतात. मोठ्या टॉर्चमध्ये घालतात त्याच डी आकाराचे हे सेल रोबॉटच्या तळाशी असलेल्या पेटीत एकापुढे एक जोडलेले असतात, आणि ते प्रतिरूपानुसार एक किंवा दीड वर्षाने बदलण्याची सूचना असते. यास्कावा व इतर काही जपानी कंपन्या ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल क्लोराइड प्रकारच्या बॅटऱ्या वापरतात. एबीबी कंपनीच्या रोबॉटांत लिथियम बॅटरी हाताच्या तळाशी, मापन फलकाजवळ असते.

बॅटरीची झीज मुख्यतः रोबॉट बंद असताना होते. एबीबीच्या माहितीपुस्तिकांत आठवड्यातून २ दिवस रोबॉट बंद राहत असल्यास बॅटरीचे आयुष्य साधारण ३६ महिने, तर दररोज १६ तास बंद राहत असल्यास १८ महिने दिलेले आढळते. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यापेक्षा एकाच पाळीच्या कारखान्यात बॅटरी लवकर संपते, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे सत्य यातून दिसते. चाकण, पिंपरी-चिंचवड यांसारख्या वाहनउद्योगाच्या परिसरात दिवाळीच्या किंवा वार्षिक देखभालीच्या सुट्टीत वीज अनेक दिवस बंद ठेवली, तर दुबळी झालेली बॅटरी नेमकी त्याच काळात दगा देण्याचा संभव असतो. ती सुट्टीनंतर बदलण्यापेक्षा सुट्टीपूर्वी बदलणे श्रेयस्कर होय.

व्होल्टमापकाने तपासून बॅटरीचे उरलेले आयुष्य ठरवण्याची सवय लिथियम थायोनिल क्लोराइडच्या बाबतीत फसवी ठरते. अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो. या लिथियम सेलचा दाब मात्र जवळजवळ अखेरपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. यास्तव बदलल्याची तारीख पेटीवर चिकटवून ठेवणे हा साधा उपाय मापकापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

बदलण्याची पद्धत

फॅनक रोबॉटचा नियंत्रक बॅटरी उतरल्यावर एसआरव्हीओ-०६५ ही सूचना दाखवतो. मोजणी अजून शाबूत आहे, पण बॅटरी त्वरित बदलावी, असा तिचा अर्थ. ही सूचना असताना रोबॉटची वीज बंद करणे म्हणजे मोजणी धोक्यात घालणे होय. एसआरव्हीओ-०६२ ही सूचना आल्यास बॅटरी पूर्ण संपलेली असते.

या रोबॉटांची बॅटरी नियंत्रक चालू ठेवूनच बदलावी लागते. प्रथम आणीबाणीचे लाल बटण दाबून ठेवतात. त्यामुळे मोटरांची वीज तुटते, ब्रेक लागतात आणि हात हलू शकत नाही. एनकोडरांना मिळणारी वीज मात्र चालू राहते. नंतर तळाच्या पेटीचे झाकण उघडून चारही जुने सेल काढतात व धन-ऋण बाजू पाहून चारही नवे बसवतात. एखादाच सेल बदलणे किंवा नव्या-जुन्यांची मिसळ करणे योग्य नाही. झाकणाची रबरी गादी नीट बसली नाही तर शीतक द्रव किंवा धूळ आत शिरते. शेवटी सूचना पुसून प्रत्येक अक्षाची दर्शवलेली स्थिती आधी नोंदवलेल्या स्थितीशी ताडून पाहतात.

एबीबीच्या पुस्तिका याच कामासाठी वेगळा क्रम सांगतात. तेथे रोबॉट आधी प्रत्येक सांध्यावरील खुणा जुळतील अशा मूळ स्थितीत नेतात, मग वीज बंद करून बॅटरी बदलतात आणि त्यानंतर फेऱ्यांचे गणक पुन्हा नोंदवतात. एका कंपनीच्या रोबॉटवर शिकलेला तंत्रज्ञ दुसऱ्या कंपनीच्या रोबॉटवर त्याच सवयीने गेला, तर बहुतेक वेळा येथेच चुकतो. वीज बंद करून फॅनकचे सेल काढले की सहाही अक्षांची मोजणी जाते.

सुरक्षेच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. कुंपणाच्या आत जाण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावावे, असा कारखान्यांचा सर्वसाधारण नियम असतो. फॅनकच्या बाबतीत तो या कामापुरता अक्षरशः पाळता येत नाही. अशा वेळी कोणता पुरवठा चालू राहील, कोणता तुटलेला असेल आणि लाल बटणापाशी कोण उभे राहील, हे कामाच्या लेखी पद्धतीत नमूद असणे आवश्यक ठरते.

नियंत्रकातील दुसरी बॅटरी

हातातील बॅटरी आणि नियंत्रकातील बॅटरी यांची अनेकदा गल्लत केली जाते. फॅनकच्या नियंत्रकात ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते व ती साधारण ४ वर्षांनी बदलतात. ती नियंत्रकाच्या स्मृतीतील माहिती राखते. त्यात कार्यक्रमांबरोबरच प्रत्येक अक्षाचे शून्यांकही असतात. ती बदलताना नियंत्रक सुमारे ३० सेकंद चालू ठेवून मग बंद करतात आणि जुनी काढून नवी बॅटरी ३० मिनिटांच्या आत बसवतात. तेवढा वेळ स्मृती साठवलेल्या विद्युतभारावर तग धरते. या कामापूर्वी सर्व माहितीची प्रत मेमरी कार्डावर घ्यावी. शून्यांक कागदावर लिहून नियंत्रकाच्या कपाटात ठेवण्याची जुनी रीतही उपयुक्त आहे, कारण स्मृती गेली पण एनकोडरची मोजणी शाबूत असली, तर ते आकडे पुन्हा भरून रोबॉट पूर्ववत करता येतो.

स्थिती पुन्हा बसवणे

मोजणी हरवल्यावर शून्यस्थान पुन्हा ठरवण्याच्या क्रियेला फॅनकच्या परिभाषेत मास्टरिंग म्हणतात. आधी नियंत्रकातून एनकोडरांची चूक पुसून वीज बंद-चालू करतात. मग प्रत्येक मोटर किमान एक फेरा फिरेल इतका सांधा हलवतात, जेणेकरून एनकोडरला चकतीवरील आरंभखूण सापडते. यानंतर शून्यस्थान देण्याच्या अनेक रीती आहेत. सांध्यांवरील खुणा डोळ्यांनी जुळवून शून्य देणे सर्वांत सोपे, पण त्याची अचूकता पाहणाऱ्याच्या नजरेइतकीच असते. जलद मास्टरिंगमध्ये रोबॉट चांगला असतानाच एक संदर्भस्थिती नोंदवून ठेवलेली असते; पुढे कधी मोजणी गेली, तर हात अंदाजाने त्या स्थितीजवळ नेला तरी चालते. आधीच्या घड्याळाच्या उदाहरणात, उन्हावरून साधारण दहा वाजले असावेत एवढे कळले की मिनिटकाटा उरलेली अचूकता पुरवतो, तसेच हे आहे. एबीबीतील गणक नोंदवण्याचे तत्त्वही हेच.

मात्र ही सवलत मोटर व एनकोडर न बदलता केवळ मोजणी गेली असेल तेव्हाच मिळते. मोटर बदलली असल्यास मोटर आणि सांधा यांचे जुने नाते तुटलेले असते, आणि त्या अक्षाचे शून्यस्थान नव्याने ठरवावे लागते. कोणत्याही रीतीने मास्टरिंग केले तरी पहिला कार्यक्रम मंद वेगाने, एकेक पायरी तपासत चालवणे अनिवार्य आहे.

बॅटरीविना मोजणी

जर्मनीच्या कूका कंपनीच्या केआर सी४ नियंत्रकांत १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. वीज गेल्यावर माहिती व्यवस्थित साठवून नियंत्रक बंद होईपर्यंत त्या पुरवठा करतात. अलीकडे बॅटरीची गरजच नसलेले एनकोडरही प्रचारात आले आहेत. त्यांपैकी काहींत फेरे मोजण्यासाठी छोटी दंतचक्रे असतात. इतर काहींत विशिष्ट प्रक्रिया केलेली चुंबकीय तार वापरतात. जॉन विगंड या संशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामानुसार, या तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलताना तिच्यातील चुंबकत्व एकदम पालटते आणि भोवतीच्या वेटोळ्यात विजेचा ठोका निर्माण होतो. मोटर कितीही सावकाश फिरली तरी हा ठोका तेवढाच मिळतो आणि फेरा नोंदवण्यास तो पुरतो.

वापरलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट

लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल पुन्हा भारित करणे, तापवणे किंवा त्यांची दोन टोके एकमेकांना जोडणे धोकादायक असते. काढलेल्या सेलची टोके चिकटपट्टीने झाकून ते वेगळ्या डब्यात ठेवतात. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू असून वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यात न मिसळता स्वतंत्रपणे देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे. रोबॉटमधून निघालेले अल्कलाइन सेलही त्याच नियमांत येतात.